कमाटीबागेत सेल्फी घेताना मुलगे आणि मुली इतके वेगळे का वागतात?

दांडियाबाजारकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

मी बडोद्यात राहतो आणि निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी कमाटीबागेत फेऱ्या मारतो. गुडघे कुरकुरू लागले की फुलांच्या घड्याळाच्या आसपास एखाद्या बाकावर टेकतो. तेथे बसल्या बसल्या, मुद्दाम पाहावयाचे नसतानाही, एक गोष्ट वर्षभर डोळ्यांसमोर घडते आहे आणि तिचा उलगडा मला होत नाही, म्हणून येथे विचारतो.

गेल्या रविवारचेच पाहा. कॉलेजातल्या वाटाव्यात अशा चार मुली घड्याळासमोर उभ्या राहिल्या. जिचा हात सर्वांत लांब तिच्याकडे फोन आणि बाकीच्या तिघी तिच्या खांद्यामागे एकमेकींना बिलगून. एकीने मान वेळावली, दुसरीने ओठांचा चंबू केला, तिसरीने आधी केस मागे सारले आणि मग त्यांतली एक बट पुन्हा कपाळावर आणली. फोटो निघाला आणि लगेच चारही डोकी फोनवर झुकली. "माझे डोळे मिटलेत," अशी एकीने तक्रार केली, तसा तो फोटो तेथल्या तेथे पुसला गेला. पुढच्या फोटोत दुसरीला आपली हनुवटी दुहेरी दिसली, तोही गेला. असे चौदा वेळा झाले (मोजण्याचा चावटपणा मी केला हे कबूल करतो) आणि चौघींनी माना डोलावल्या तेव्हाच त्या तेथून हलल्या. तेवढ्या वेळात चालणाऱ्यांची वाट अडली होती, आणि एका बाईंना बाबागाडी गवतावरून न्यावी लागली. मुलींच्या ते गावीही नव्हते.

त्यांच्यामागून तीन मुलगे आले. गॉगल, वर केलेली दोन बोटे, "ए चल" अशी एक हाक, आणि अर्ध्या मिनिटात काम आटोपले. काढलेला फोटो कोणी धड पाहिलासुद्धा नाही. मात्र त्यांचा पुढचा फोटो नदीवरच्या पुलाच्या कठड्यावर बसून, पाय बाहेर सोडून निघाला. खाली विश्वामित्री नदीत मगरी असतात हे बडोद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आता माझी विचारणा अशी, की हे निरीक्षण खरे आहे की म्हाताऱ्या माणसाचा पूर्वग्रह? याचा कोणी रीतसर अभ्यास केला आहे का? आणि वाट अडवून उभ्या राहिलेल्या मुलींना, त्यांच्या आनंदावर पाणी न टाकता, बाजूला होण्यास कसे सांगावे? रागावून उत्तर दिले तरी चालेल, फक्त विषयाला धरून द्यावे.

रावपुऱ्याची लेक

काका, राग आला नाही. चौदा हा आकडा वाचून हसूच आले, कारण आमच्या गटाचा उच्चांक त्याहून बराच वर आहे. बाबागाडीची वाट अडवणे ही चूकच आणि तिचे समर्थन मी करणार नाही. परंतु चौदा वेळा फोटो पुसण्याला आपण जर नटवेपणा समजत असाल, तर त्यामागे काय असते ते ऐकून घ्यावे.

तो फोटो त्या चौघींच्या फोनमध्ये राहत नाही. तासाभरात तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि तेथून पुण्याच्या मावशीकडे, मावशीकडून कोणा स्थळवाल्यांकडे. मुलाचे डोळे मिटलेले असले तर कोणी अवाक्षर काढत नाही. मुलीच्या फोटोवर मात्र "जाड झालीस", "उन्हात फिरतेस का", "ही बाजूची कोण" अशी वरात निघते. म्हणून आमच्यात एक अलिखित नियम आहे, की फोटोत जी आहे तिला नकाराचा अधिकार आहे आणि एकीनेही नाही म्हटले तर तो फोटो पुसायचा. आमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये माझ्या आत्याचा जेवताना तोंडात घास असलेला फोटो गेली तीस वर्षे पाहुण्यांना दाखवला जातो. तिला कोणी विचारले होते? मला तर आमची पद्धत अधिक सभ्य वाटते.

दुसरे असे, की "कोणाला तरी फोटो काढायला सांगा, सेल्फी कशाला" हा सल्ला आम्हाला नेहमी मिळतो. अनोळखी माणसाच्या हाती उघडा फोन द्यायचा म्हणजे त्यातले सगळेच द्यायचे. आपल्या हातात फोन असला की त्याच्या पडद्यावर आपण दिसतो आणि आपल्या मागे कोण उभे आहे तेही दिसते. याचा उपयोग किती होतो ते सांगते. गेल्या नवरात्रात गरब्याच्या मध्यंतरात आम्ही मैदानाच्या कडेला बसलो होतो. अनवाणी नाचून तळवे भाजले होते, कोणीतरी पाण्याची बाटली फिरवत होते. आमच्यापुढे दोन हातांवर दोन मुलगे पाठमोरे बसले आणि सेल्फी घेऊ लागले. फोन नको इतका वर उचललेला. माझ्या मैत्रिणीने सहज त्यांच्या पडद्याकडे पाहिले, तर त्या दोघांची कपाळे खालच्या कोपऱ्यात आणि बरोबर मध्यभागी तिची स्वतःची आरसे लावलेली ओढणी. ती उठली, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आमचा फोटो आहे ना, मग आम्हाला दाखवून पुसा." त्यांनी मुकाट्याने पुसला. सांगायचा मुद्दा असा, की आपणांस पुलावर जे तिघे दिसले त्यांचा अर्ध्या मिनिटाचा सेल्फी निरुपद्रवी असेलही, परंतु सगळे अर्धे मिनिट सारखे नसते.

आता अभ्यासाबद्दल. २०१४ साली 'सेल्फीसिटी' नावाचा एक प्रकल्प झाला होता. त्यात बँकॉक, बर्लिन, मॉस्को, न्यूयॉर्क आणि साओ पावलो या पाच शहरांतून इन्स्टाग्रामवर टाकलेल्या फोटोंमधून प्रत्येक शहराचे ६४० सेल्फी वेगळे काढून तपासले. पाचही शहरांत मुलींचे सेल्फी अधिक निघाले आणि मॉस्कोत तर स्त्रियांचे प्रमाण ८२ टक्के होते. आपण म्हणता ती वेळावलेली मानही त्यांनी मोजली आहे. स्त्रियांची मान सरासरी १२.३ अंश कलते आणि पुरुषांची ८.२ अंश. साओ पावलोच्या मुलींची सरासरी १६.९ अंशांपर्यंत जाते. त्यात भारतातले एकही शहर नाही, त्यामुळे कमाटीबागेचा कोन आपणच मोजावा.

जुना स्टुडिओवाला

माझा या शहरात पस्तीस वर्षे फोटो स्टुडिओ होता, म्हणून मध्येच तोंड घालतो. रावपुऱ्याच्या ताईंनी नातेवाइकांच्या बोलण्याचे जे सांगितले ते खरे आहे, परंतु मान वेळावणे आणि फोन उंच धरणे यांचे कारण निम्म्याहून अधिक भिंगात आहे.

हाताच्या अंतरावरून घेतलेल्या फोटोत तोंडाचा जो भाग पुढे असतो तो फुगतो. २०१८ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी याचे गणित मांडले होते. पाच फुटांवरून घेतलेल्या फोटोशी तुलना केली, तर बारा इंचांवरून घेतलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसते. नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी येणारे लोक सेल्फी दाखवून तक्रार करू लागले, म्हणून त्यांना हे गणित करावे लागले. आपल्या पोरींनी ते गणित न वाचता हातानेच सोडवले आहे. फोन थोडा वर धरला की हनुवटी मागे जाते, डोळे मोठे येतात आणि तोंड किंचित वळवले की नाकाची रुंदी झाकते. लांब हाताच्या मुलीला फोन देणे हाही त्याच गणिताचा भाग, कारण भिंग जितके दूर तितके तोंड खरे. मुलगे फोन छातीच्या खाली धरतात, त्याने जबडा रुंद आणि माणूस उंच दिसतो. म्हणजे दोघेही नटतात, फक्त दोघांचे आरसे निराळ्या उंचीवर टांगलेले आहेत.

आरशावरून आठवले. पुढच्या कॅमेऱ्यात आपण स्वतःला पाहतो तेव्हा पडदा आरशासारखा उलटा दाखवतो आणि पुष्कळ फोनांत साठवलेला फोटो मात्र सुलटा होतो. जन्मभर आरशातला भांग पाहिलेल्या माणसाला सुलटा चेहरा परका वाटतो. "मी अशी दिसते?" हे वाक्य मी स्टुडिओत रोज ऐकत असे, त्यात नवे काही नाही.

आणि आता एक कबुली. ही १२ अंश आणि ८ अंशांची भानगड मुलींनी आकाशातून आणलेली नाही, ती आमच्या धंद्याने शिकवली. दाखवायच्या फोटोसाठी मुलगी आली, की आम्ही तिला स्टुलावर तिरके बसवत असू, "मान जरा डावीकडे, अजून किंचित, हनुवटी खाली, आता हसा, दात नकोत." मुलगा आला की "ताठ बसा, समोर पाहा" एवढे दोनच हुकूम. मुलींच्या बाबतीत मी स्वतः पुढे होऊन, आईला विचारून, हनुवटीला दोन बोटे लावून मान फिरवलेली आहे. चाळीस-पन्नास वर्षे आईने, मावशीने, वहिनीने असे फोटो काढून घेतले, ते भिंतीवर लागले आणि त्यांच्याकडे पाहतच या मुली मोठ्या झाल्या. आता आमची बोटे लागत नाहीत, पण मान आपोआप वळते. त्यामुळे बाकावर बसून त्यांना हसताना माझ्यासारख्याने तरी जपून हसावे.

चौदा वेळा पुसण्याबद्दल इतकेच, की आमच्या वेळी रोलमध्ये ३६ फोटो असत आणि प्रत्येकाला पैसे पडत. गिऱ्हाइकाला दोन फोटोंतला एक निवडता येई, तोही आठ दिवसांनी. नापसंत करणे फुकट असते तर तुमच्या-आमच्या लग्नाचे अल्बम अर्धे झाले असते.

नदीकाठ

मी मगरी पकडून सुरक्षित सोडणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर काम करतो. मुलींनी वाट अडवली याची चर्चा लांबते आहे, परंतु मूळ प्रश्नातील कठड्यावरचे तीन मुलगे बाजूलाच राहिले, म्हणून लिहितो.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी बातम्या गोळा करून एक पाहणी केली आणि ती २०१८ मध्ये छापून आली. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळात सेल्फी घेताना जगभर १३७ घटनांत २५९ माणसे मेल्याचे त्यांना आढळले. त्यांतली १५९ भारतातली होती. मरणाऱ्यांचे सरासरी वय तेवीसच्या आतले आणि त्यांत पुरुष ७२.५ टक्के. बुडून मेलेले सर्वांत जास्त, त्याखालोखाल गाडीखाली किंवा आगगाडीखाली सापडलेले आणि उंचावरून पडलेले. सेल्फी जास्त काढणाऱ्या मुली आणि सेल्फीपायी जास्त मरणारे मुलगे, असा हा हिशेब आहे. दांडियाबाजारकरांनी बाकावरून जे पाहिले त्याला हे आकडे दुजोरा देतात असे मला वाटते.

मुलगे अर्ध्या मिनिटात उरकतात, हे मात्र मला पटत नाही. मुलगा एकटा असू द्या आणि त्याच्या मागे नवी मोटारसायकल असू द्या, मग मोजा. फरक मला निराळा दिसतो. मुलीच्या फोटोत ती कशी दिसते हे महत्त्वाचे असते, तर मुलाच्या फोटोत तो कोठे पोहोचला हे. म्हणून मुलगी तोंड बदलत राहते आणि मुलगा जागा बदलत राहतो, आणि प्रत्येक नवी जागा आधीच्या जागेहून दोन पावले पुढे असते. ही दोन पावले मी काठावर बघतो. थंडीत मगर ऊन खात काठावर पडलेली असते, डोळे अर्धे मिटलेले, जबडा उघडा, अगदी भरून ठेवल्यासारखी. ती हलत नाही म्हणून पोरगा आणखी खाली उतरतो. सेल्फीसाठी तिच्याकडे पाठ करतो, ही यातली खरी भीतीची गोष्ट, कारण वाघासमोरून माणूस निदान तोंड करून तरी पळतो. थोड्या अंतरापुरती मगर जमिनीवरही झेप घेते. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी काठच्या मातीत अंडी घालून राखण करीत असते, तेव्हा तर तिला दोन पावलेही खपत नाहीत.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी वस्त्यांत शिरल्या, तेव्हाची एक रात्र सांगतो. एका सोसायटीच्या आवारातून सात-आठ फुटांची मगर आम्ही धरली. तोंड बांधले, डोळ्यांवर ओले फडके टाकले, कारण अंधार झाला की ती शांत राहते. तोच गच्च्यांवरून, जिन्यांवरून मुलगे उतरले. गुडघाभर पाणी, वीज गेलेली, आणि पाण्यात हात वर धरून वीस-पंचवीस फोनांचे दिवे. एकाने फडके बाजूला सारले, कारण फोटोत मगरीचे डोळे यायला हवे होते. मगरीने एकदाच शेपूट फिरवली आणि आमच्या एका सहकाऱ्याची नडगी सोलून निघाली. फडके ओढणारा तोवर फोटो घेऊन जिन्यावर पोहोचलेलाही होता. त्या गर्दीत मुलीही होत्या, परंतु त्या जिन्यावर उभ्या राहून मुलांचा फोटो घेत होत्या, हेही नोंदवून ठेवतो. धाडस करणारा आणि धाडस पाहणारे असे दोन्ही असल्याशिवाय हा खेळ रंगत नाही.

आणि कठड्यावर बसणाऱ्यांना मगरीची गंमत वाटत असेल, तर मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला इजा करणे गुन्हा आहे, हेही त्यांच्या कानावर घालावे. त्याने कोणी खाली उतरेल अशी खात्री नाही, पण सांगून पाहायला हरकत नाही.

वाघोडिया रोड

तरुण मुलगे आणि तरुण मुली एवढ्यावरच कशाला थांबता? आमच्या घरचे एकोणसाठ वर्षांचे तरुण केवडियाला सरदार पटेलांच्या १८२ मीटरच्या पुतळ्यासमोर पाऊण तास जमिनीवर उताणे पडून होते, कारण पुतळ्याचे डोके आणि त्यांचे डोके एका चौकटीत मावत नव्हते. मी आणि माझी लेक पिशव्या सांभाळत उभ्या होतो. 'सेल्फीसिटी'चे वर लिहिले आहेच, त्यातच असेही होते की तिशी ओलांडलेल्यांत सेल्फी टाकणारे पुरुष स्त्रियांहून जास्त निघाले. मला त्याचे नवल वाटले नाही.

वाट मोकळी करण्याबद्दल माझा अनुभव असा, की "बाजूला व्हा" म्हटले की मुली बाजूला होतात पण हिरमुसतात. "फोटो काढून देऊ का?" म्हटले की त्या हसून स्वतःच म्हणतात, "नको काकू, या ना, जा तुम्ही." दुसरा उपाय स्वस्त पडतो.

दांडियाबाजारकर

सर्वांचे आभार. नदीकाठ यांचे लिहिणे वाचून आज प्रथम पुलावर गेलो. मुलगे नव्हते, परंतु कठड्याच्या बाहेरच्या अंगाला एका चपलेचा ठसा वाळलेल्या चिखलात स्पष्ट उमटलेला होता. बागेच्या रखवालदाराला तो दाखवला. तो म्हणाला की रोज शिट्टी वाजवतो, आणि शिट्टी वाजली की तिचाही व्हिडिओ काढतात.

मग वाघोडिया रोडच्या वहिनींचा उपाय करून पाहावा म्हणून घड्याळापाशी आलो. आज तीन मुली होत्या, त्या रविवारच्या नव्हेत. वाट पुन्हा अडलेलीच होती. "फोटो काढून देऊ का?" असे मी विचारले. वहिनींच्या अनुभवाप्रमाणे त्या नको म्हणतील अशी माझी अपेक्षा होती, पण त्यांनी एकमेकींकडे पाहिले आणि, कदाचित माझे वय पाहून असेल, फोन माझ्या हाती दिला. आधी कुलूप लावून मग फक्त कॅमेरा उघडून दिला, हे रावपुऱ्याच्या लेकीच्या लक्षात आणून देतो. पुढे जे हुकूम सुटले ते स्टुडिओवाल्यांनी गिऱ्हाइकांना सोडलेल्या हुकमांहून कडक होते. "काका, वरून घ्या. आजोबा, इतके वरून नको. बोट भिंगावर आहे." मी नऊ फोटो काढले आणि त्यांनी नऊही नापसंत केले, अर्थात फार नम्रपणे. मात्र तेवढ्यात त्यांना उजेडाच्या निमित्ताने मी गवताच्या कडेला नेले होते आणि वाट मोकळी झाली होती.

शेवटी त्यांनी फोन परत घेतला आणि उंच मुलीने हात लांब करून मलाही चौकटीत ओढले. पडद्यावर मी ठीक दिसत होतो. साठवलेला फोटो त्यांनी दाखवला तेव्हा माझा भांग भलत्याच बाजूला होता, एक खांदा पडलेला होता आणि तोंडावर जो भाव होता तो माझ्या थोरल्या काकांचा होता, माझा नव्हे. तिघींनाही तो फोटो पसंत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मला कळले की येथे माझेही मत घेतले जात आहे.

मी म्हणालो, "पुसा. अजून एक घेऊ."